इंजिनाला आतून पांढरा रंग

नकाशेकाकांच्या गाडीखाली तेलाचा डाग पडला मंगळवारी, आणि त्याची नोटीस लागली बुधवारी. जिन्याखालच्या फलकावर सेक्रेटरींनी लिहिलं होतं, 'पार्किंगमध्ये तेल सांडणाऱ्या सर्व सभासदांनी तातडीने बंदोबस्त करावा.' तेल सांडणारे सर्व सभासद म्हणजे एकटे काका. काकांनी नोटीस दोनदा वाचली, खिशातली पेन्सिल काढून तिच्यातली एक चुकलेली वेलांटी दुरुस्त केली आणि मग डाग मोजायला गेले. लांबी तेवीस सेंटिमीटर, रुंदी एकोणीस. नोटिशीत डागाचा आकार दिलेला नव्हता, ही त्यांच्या मते नोटिशीतली दुसरी चूक.

'नकाशे' हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढले होते, त्यावरून इमारतीने ठेवलेलं नाव. शहरातल्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहिले की आपल्या पायाखालून किती इंची पाइप कुठल्या दिशेला गेला आहे, हे ते छातीठोकपणे सांगू शकत. अडचण एवढीच, की निवृत्त झाल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

एरवी काकांनी डागावर पुठ्ठा टाकून विषय मिटवला असता. पण सोळा दिवसांनी, शुक्रवारी, मुलगी येणार होती. चार दिवसांची रजा. शनिवारी सकाळी दोघांनी गाडीने मावशीकडे जायचं आणि रविवारी परत यायचं, असं ठरलं होतं. जायला साडेचार तास, यायला साडेचार. या नऊ तासांवर काकांचा डोळा होता.

त्याचं कारण असं, की ही मुलगी घरात बोलत नसे. लहानपणी जेवताना ताटाकडे बघायची, आता फोनकडे बघते. दर रविवारी तिचा फोन येई. काकांनी मागल्या चौदा रविवारांची सरासरी काढली होती, ती अकरा मिनिटं भरली. त्यातली चार 'अजून काय?' यातच जात. पण गाडीत शेजारच्या सीटवर बसली, गाव मागे पडलं आणि नजर समोरच्या रस्त्याला लागली, की तिला कंठ फुटायचा. दहावीला गणिताच्या पेपरात शेवटची चार पानं कोरी सोडली, हे तिने गाडीत सांगितलं होतं. पहिली नोकरी सोडली, तेही गाडीत. आईच्या आजारपणात दवाखान्यातून परत येताना जे काही बोलली, तेही गाडीतच. घरी पोचल्यावर त्यातल्या एका शब्दाचा पुन्हा उच्चार नाही. काकू जाऊन आता तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून दोघं मिळून गाडीने कुठे गेले नव्हते.

थोडक्यात, गाडी सोळा दिवसांत ठणठणीत हवी होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री गल्लीला मुख्यतः पायांवरून माहीत होते. बाकीचे मिस्त्री नेहमी कुठल्या ना कुठल्या गाडीखाली असत.

"काका, दोन ठिकाणची पॅकिंग गेलीत," गाडीखालून आवाज आला. "वर टॅपेटच्या झाकणाची आणि खाली चेंबरची. दोन्ही उतरवावं लागेल."

"चेंबर म्हणजे?"

"इंजिनाच्या बुडाला पत्र्याची परात असते. तेल तिच्यात साठतं. तिथून पंप ते जाळीतून ओढतो आणि वर सगळीकडे पाठवतो."

काकांना हे एका दमात समजलं. म्हणजे टाकी, गाळणी, पंप आणि पाइप. चौतीस वर्षं दुसरं काय केलं होतं? इंजिन नावाच्या वस्तूबद्दल त्यांना एकदम घरोबा वाटू लागला, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

"काढायला वेळ नाही लागत," मिस्त्री म्हणाले. "पण आत काजळी बसलीय, धुवायला वेळ जातो. माझ्या हातात आधीच दोन इंजिनं आहेत."

"मी घरी नेऊन धुऊन आणतो."

मिस्त्रींचं डोकं प्रथमच गाडीबाहेर आलं. त्यांनी काकांकडे खालून वर पाहिलं. "फक्त धुऊन आणा हं."

चेंबर आणि झाकण अशी दोन काळीकुट्ट भांडी काकांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ठेवली. जेवणाच्या टेबलावर असलं काही ठेवायचं म्हणजे घरात हरकत घेणारं माणूस लागतं. काकांनी सवयीने क्षणभर हरकतीची वाट पाहिली आणि मग रॉकेल ओतलं.

दोन दिवस ते धूत होते. दात घासायचा जुना ब्रश, विणकामाची एक सुई, काडीला गुंडाळलेला कापूस. तिसऱ्या दिवशी खालचा धातू दिसला. राखाडी, स्वच्छ, उघडा. आणि उघडा धातू काकांना बघवत नसे. पाण्याच्या खात्यात उघडा धातू म्हणजे गंज, गंज म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे वृत्तपत्रात फोटो. शिवाय गेल्या तीन वर्षांत त्यांना रंगकामाची सवय जडली होती. खिडक्यांचे गज, पत्र्याच्या पेट्या, माळ्यावरची शिडी, स्टुलाची वरची बाजू आणि मग, शनिवार मोकळा होता म्हणून, स्टुलाची खालची बाजू. घरात रंगवायची राहिलेली वस्तू एकच होती आणि ती म्हणजे स्वतः काका.

म्हणून ते रंगाच्या दुकानात गेले.

"कशाला लावायचाय?" दुकानदाराने विचारलं.

"इंजिनाला."

"मग काळा घ्या, नाहीतर चंदेरी. उष्णतेचा येतो."

"बाहेरून नाही. आतून. आणि पांढरा."

दुकानदाराने हातातलं कॅलेंडर खाली ठेवलं. "आतून पांढरा कशाला?"

"तेल काळं पडलं की लगेच दिसावं म्हणून."

या उत्तरात एवढा ठामपणा होता, की दुकानदारही क्षणभर पटल्यासारखा झाला. त्याने दारंखिडक्यांना लावायच्या चकचकीत पांढऱ्या रंगाचा डबा काढला. "हा टिकतो. एका गिऱ्हाइकाने चहाच्या किटलीला लावला होता."

"मग?"

"परत आला नाही तो." दुकानदाराने हे रंगाच्या बाजूने सांगितलं आणि काकांनीही ते तसंच घेतलं.

पहिला हात काकांनी खाली पार्किंगमध्ये दिला. वर घरात वास कोंडला असता, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उलट्या घातलेल्या दोन बादल्यांवर चेंबर आणि झाकण ठेवून, कानाला पेन्सिल लावून, ते एकेक फटकारा मारू लागले. आणि तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. लोक थांबू लागले.

हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. पण काकांच्या दारात शेवटचं माणूस थांबलं होतं ते पाण्याचा मीटर बघायला, आणि तेही मीटर बघून गेलं होतं. इमारतीत 'काय काका, बरंय ना?' हा प्रश्न जिना उतरता उतरता विचारला जाई आणि त्याचं उत्तर खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायला हवं, इतक्या मोठ्याने द्यावं लागे. आता सेक्रेटरी थांबले. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"काका, हे काय चाललंय?"

"तुमच्या नोटिशीची अंमलबजावणी."

"पण नोटिशीत रंगाचं कुठे होतं?"

"नोटिशीत बरंच काही नव्हतं," काका म्हणाले.

सेक्रेटरी पाऊण तास थांबले. त्यांचं म्हणणं, पांढऱ्यापेक्षा फिकट पिवळा बरा, मळखाऊ. आत मळखाऊ रंग दिला तर मळ दिसणार कसा, असं काकांनी विचारलं. यावर सेक्रेटरी म्हणाले की मळ दिसलाच पाहिजे हा हट्ट चुकीचा आहे. सोसायटीच्या टाकीतला त्यांनी पाच वर्षं दिसू दिला नव्हता. हे बोलून गेल्यावर त्यांना घाईचं काम आठवलं.

मग तळमजल्यावरच्या बाई आल्या. त्यांनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि अजूनही त्या समोरच्याला दुसऱ्या बाकावरचा समजून बोलत.

"नकाशे, हे सुटणार."

"काय सुटणार?"

"रंग. तेलातच रंग विरघळवतात ना? मग गरम तेल आतून दिवसरात्र त्याला धुतंय, तर तो धरून का बसेल? पापुद्रे निघतील. दुधावरची साय जशी. आणि ते पापुद्रे जाणार कुठे?"

"कुठे?"

"तुम्ही सांगा. पाइपांची माणसं तुम्ही."

काकांना उत्तर माहीत होतं. पापुद्रे जाळीला बसणार. पाण्याच्या खात्यात त्यांनी अशा बुजलेल्या जाळ्यांचे सहा अहवाल लिहिले होते. पण त्या क्षणी त्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. बाई बसल्या होत्या. काकांच्या घडीच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन, आरामात. काकांनी वर जाऊन चहा केला. दोन कप एका ट्रेमध्ये ठेवून जिना उतरायचा म्हणजे कसरत असते आणि ती कसरत ते तीन वर्षांत विसरले होते; थोडा चहा ट्रेमध्ये सांडला.

"तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्या मते अस्तर द्यायला हवं होतं?"

"माझ्या मते रंगच द्यायला नको होता."

"तसं असेल तर दुसरा हात पातळ द्यावा की जाड?"

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या आणखी वीस मिनिटं बसल्या, कारण चुकीचं उत्तर देणारा विद्यार्थी सोडून उठायची त्यांना सवय नव्हती. काकांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी आणखी तीन चुकीची उत्तरं दिली.

"उद्या दुसरा हात आहे," जाताना ते म्हणाले. "साडेचारला."

खरं पाहता दुसऱ्या हाताची काही गरज नव्हती. पहिला हात आरशासारखा बसला होता. पण एका हातात काम संपलं असतं, आणि संपलेल्या कामाकडे बघायला कोण थांबतं? दुसऱ्या दिवशी साडेचारला काका खाली होते. बाई आल्या नाहीत. त्यांच्याकडे पाहुणे होते. पहिल्या मजल्यावरची सून कपडे वाळत घालताना वरूनच म्हणाली, "अय्या, अजून चाललंय?" काकांनी दुसरा हात एकट्याने दिला. चहा मात्र दोन कप आणला होता.

नोंदणीची भानगड सेक्रेटरींनी काढली. जिन्यात गाठ पडली तेव्हा ते म्हणाले, "काका, गाडीचा रंग बदलला की नोंदणी पुस्तकात तो बदलून घ्यावा लागतो. विमा अडतो नाहीतर." ते गमतीत म्हणाले की गांभीर्याने, हे नंतर त्यांनाही सांगता आलं नाही. पण काका नियमाचे माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाहन नोंदणी कार्यालयात खिडकी क्रमांक सातवर उभे होते. पुढे एकोणतीस माणसं.

"रंग बदललाय," काका म्हणाले.

"पूर्वीचा?" खिडकीतल्या कारकुनाने मान खाली ठेवून विचारलं.

"नव्हता."

"नव्हता म्हणजे? पुस्तकात निळा लिहिलंय."

"तो बाहेरचा. तो निळाच आहे. मी इंजिनाला आतून दिलाय. पांढरा."

कारकुनाने मान वर केली. मागच्या रांगेतून कुणीतरी 'काय झालं, काय झालं' केलं.

"आजोबा, आतला रंग कोण बघतं?"

'आजोबा' हे काकांना लागलं. "मी बघतो," ते म्हणाले.

"फॉर्मवर रंगाचा रकाना एकच आहे."

"म्हणूनच विचारायला आलो. निळा, कंसात आतून पांढरा, असं लिहिलं तर चालेल?"

कारकून उठून आतल्या साहेबांकडे गेला. काचेआडून साहेबांचं हसू दिसलं. परत आल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "साहेब म्हणतात, रंग बदलला तर वाहन प्रत्यक्ष दाखवावं लागतं."

"वाहन गॅरेजात घोडीवर चढवलंय. त्याचं बूड काढलंय."

"मग जे रंगवलंय ते दाखवा."

त्यांना वाटलं होतं, म्हातारा आता जाईल. काका गेले आणि दुपारी झाकण टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन आले. ते त्यांनी साहेबांच्या टेबलावर, फायली बाजूला सारून, उताणं ठेवलं. साहेबांनी ते सर्व बाजूंनी पाहिलं. आता हसणं अवघड होऊन बसलं होतं.

"काम सुबक आहे," साहेब शेवटी म्हणाले. "एकटेच राहता का?"

"याचा रकाना कुठे आहे?" काकांनी विचारलं.

साहेबांनी पोच दिली. 'अर्ज प्राप्त' एवढंच लिहिलेल्या त्या कागदावर शिक्का तिरका पडला होता. काकांनी तो फायलीत लावला.

मिस्त्रींनी चेंबर हातात घेतलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. एखाद्या विहिरीत डोकवावं तसं.

"काका, मी काय सांगितलं होतं?"

"धुऊन आणायला. धुतलंय. पॉलिश पेपरही मारलाय."

"आणि हे?"

"दोन हात."

"हे सुटलं तर जाळी बुजेल. जाळी बुजली की वर तेल जायचं नाही. तेल नाही गेलं की बेअरिंग गेलं, इंजिन जाम. आताच खरवडून टाकू. एक दिवस द्या मला."

एक दिवस नव्हता. तो बुधवार होता. मिस्त्रींच्या हातातली दोन इंजिनं आता तीन झाली होती आणि मुलगी परवा येणार होती. शिवाय, खरं बोलायचं तर, गेल्या आठवडाभरात जेवढी माणसं काकांशी बोलली होती ती सगळी या रंगामुळे बोलली होती. तो खरवडून टाकणं म्हणजे त्या सगळ्यांना घरी पाठवण्यासारखं होतं. ही गोष्ट मिस्त्रींना सांगण्याजोगी नव्हती.

"बसवा," काका म्हणाले.

"लिहून द्या मग."

काकांनी लिहून दिलं. सदर रंगाची जबाबदारी सर्वस्वी वाहनमालकाची राहील, अशा तीन ओळी पुरल्या असत्या. काकांनी दोन पानं लिहिली, शेवटी चेंबरचा आडवा छेद काढून रंगाची जाडी बाणाने दाखवली आणि तीन प्रती केल्या. मिस्त्रींनी आपली प्रत भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. "बावीस वर्षांत असं देखणं भांडण माझ्याशी कुणी केलं नाही," ते म्हणाले.

इंजिन सुरू झालं. गुरुवारी काकांनी इमारतीला सहा फेऱ्या मारल्या. खाली नवा डाग नाही. सेक्रेटरींनी नोटीस काढून टाकली, आणि फलकाजवळून जाताना काकांना उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शुक्रवारी मुलगी आली. जेवताना फोनकडे बघत होती. "बाबा, भाजी छान झालीय," ती म्हणाली, आणि नंतर, "अजून काय?" काका म्हणाले, "उद्या सात वाजता निघू."

सातला तीन मिनिटं कमी असताना ते निघाले. गाव संपेपर्यंत ती गप्प होती. काकांनीही घाई केली नाही. ओळीतली शेवटची घरं गेली, शेतं लागली, तेव्हा तिने फोन पर्समध्ये टाकला. काकांनी हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलं. किलोमीटर अकरा.

"गाडीचा आवाज चांगला येतोय, बाबा."

काकांनी तिला रंगाची हकीकत सांगितली. खिडकी क्रमांक सात सांगितली, तेव्हा ती खळखळून हसली. मग म्हणाली, "पण पांढराच का?"

"तेल काळं पडलं की लगेच दिसावं म्हणून."

"हो, पण झाकण लावल्यावर दिसणार कसं?"

काका जवळजवळ एक किलोमीटर मनात माणसं मोजत गेले. दुकानदार, सेक्रेटरी, बाई, कारकून, साहेब, मिस्त्री. सोळा दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. इतका वेळ नीट कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं, त्यात ते स्वतःही आले.

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले.

ती पुन्हा हसली. मग हसणं थांबलं आणि नजर पुन्हा रस्त्याला लागली. किलोमीटर अडतीसला ती म्हणाली, "बाबा, नव्या ऑफिसात मी रोज जिन्यात बसून जेवते."

"जिन्यात?"

"पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. तिथे कुणी येत नाही. आत सगळ्यांची टेबलं ठरलेली आहेत. पहिल्या दिवशी मी एका टेबलापाशी गेले, तर..."

आणि समोरच्या डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला.

लाल दिव्याचा अर्थ काकांना माहीत होता. गाडीच्या पुस्तकात पान एकेचाळीसवर ठळक अक्षरात होता: गाडी ताबडतोब थांबवा. थांबवली असती तर तेल बदलून, जाळी साफ करून निभावलं असतं. पण थांबवली असती, तर तिने 'काय झालं?' विचारलं असतं, दार उघडून खाली उतरली असती, फोन काढला असता. वाक्य 'तर'वर राहिलं असतं. या 'तर'पर्यंत यायला तिला तीन वर्षं आणि अडतीस किलोमीटर लागले होते.

काकांनी डावा हात उचलून स्टिअरिंगच्या चाकावर असा ठेवला, की दिवा तिला दिसू नये.

"तर?" ते म्हणाले.

"तर त्यांनी खुर्चीवर पर्स ठेवली. म्हणाल्या, इथे कुणीतरी येणार आहे. मी म्हटलं बरं. कुणी आलं नाही, बाबा. मी लांबून बघत होते. पर्सच बसली होती शेवटपर्यंत."

इंजिनातून बारीक टकटक येऊ लागली. काकांनी काच थोडी खाली केली, म्हणजे वाऱ्याचा आवाज मोठा होईल.

"मग दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले," ती सांगत होती. "दार लावून घेतलं आणि..."

इथे इंजिनाने एकच मोठा आचका दिला आणि ते बंद पडलं. गाडी आपल्याच वेगाने थोडी पुढे जाऊन एका दगडाशेजारी थांबली. काकांनी किल्ली फिरवली. काहीच नाही, नुसता 'खट्'.

"काय झालं?" तिने विचारलं आणि दार उघडलं.

परतीचा प्रवास उचलगाडीच्या केबिनमध्ये झाला, स्टिअरिंगशी ड्रायव्हर, मध्ये काका आणि पलीकडे खिडकीशी मुलगी. त्याने वाटेत आपल्या मेहुण्याची सगळी कहाणी सांगितली. ती फोनवर मावशीला 'नाही येत, गाडी बिघडली' कळवत होती. काका बाहेर बघत होते. रस्त्याखालून चारशे मिलिमीटरचा पाइप चालला होता, उत्तरेकडे.

मिस्त्रींनी चेंबर उतरवलं आणि तेल एका घमेल्यात ओतलं. तेलावर पांढरे पापुद्रे तरंगत होते. जाळी तर दिसतच नव्हती; तिच्यावर सायीसारखा पांढरा थर बसला होता. मुलगी वाकून बघत राहिली.

मिस्त्रींनी खिळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं नाही. हा त्यांचा मोठेपणा. "बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "क्रँकला ओरखडे असणार. तीन आठवडे धरा. पण काका, एक सांगा. लाल दिवा नाही लागला?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"लागायला पाहिजे. दिव्याची वायर तुटली असेल तर तेही बघतो."

"वायर ठीक आहे," काका म्हणाले. "लागला होता."

"कधी?"

"बंद पडायच्या आधी चार किलोमीटर तीनशे मीटर."

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "एवढा वेळ दिवा दिसतोय, आणि तुमच्यासारखा माणूस चालवत राहतो? का?"

खोटं बोलायला ही उत्तम जागा होती. ऊन डोळ्यांवर होतं, चष्म्याचा नंबर वाढलाय, वय झालं. यातलं काहीही चाललं असतं, आणि मुलीने पुढल्या रविवारी गाडी विकायचा विषय काढला असता. पण चौतीस वर्षांत काकांनी चुकीचं माप कधी लिहिलं नव्हतं.

"ही बोलत होती," ते म्हणाले.

मुलीने काकांकडे पाहिलं नाही. घमेल्यातला एक पापुद्रा बोटाने बाजूला सारत ती म्हणाली, "थांबायचं ना, बाबा. मी नंतर सांगितलं असतं."

'नंतर' म्हणताना तिचा आवाज जरा खाली गेला होता.

मिस्त्रींनी फळीवरून दोन खरवडण्या काढल्या. "चेंबर, झाकण दोन्ही परत साफ करावं लागेल. मला सवड नाही. बसा दोघं. रंग पूर्ण निघाला पाहिजे, कोपऱ्यातलासुद्धा." एवढं बोलून ते गाडीखाली गेले आणि पुन्हा फक्त पाय उरले.

दोघं दोन टायरांवर बसली. तिच्याकडे झाकण, काकांकडे चेंबर. रंग काही ठिकाणी हात लावताच सुटत होता, काही ठिकाणी मात्र हट्टाने बसला होता. काकांनी एक कोपरा पुरता साफ केला. मग काका मान वर न करता म्हणाले, "तू केबिनमध्ये गेलीस आणि दार लावून घेतलंस."

"हं?"

"तिथपर्यंत आलो होतो."

तिने तळव्यावरची पांढरी पूड फुंकली. "हो. तर दार लावलं, आणि मी म्हटलं, साहेब, मला दुसरी जागा द्या. साहेब म्हणाले, काय त्रास आहे? आता काय सांगणार, की पर्सचा त्रास आहे?" तिला हसू आलं, आणि हसता हसता ते दुसरंच काही झालं, आणि तिने ते बाहीला पुसलं. तिच्या डोळ्यांसमोर आता रस्ता नव्हता. झाकण होतं, आणि ते पुरत होतं. ती बोलत राहिली. जिना, त्या जिन्यातली खिडकी, भाड्याच्या खोलीतला बिघडलेला नळ, रविवारी फोन करण्याआधी आपण काय काय सांगायचं हे कागदावर लिहून ठेवते आणि मग त्यातलं काहीच सांगत नाही, तेसुद्धा. काका मध्ये फक्त 'मग?' म्हणत होते. चेंबरचा पत्रा केव्हाच चकचकीत झाला होता. ते त्याच जागेवरून खरवडणी फिरवत होते, हळूहळू, आवाज न करता.

मिस्त्रींचे पाय हलले. ते बाहेर आले, जवळ येऊन त्यांनी चेंबरमध्ये पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं. मग भिंतीशी पडलेलं एक काळंकुट्ट, काजळीने माखलेलं झाकण त्यांनी उचललं आणि काकांच्या पायाशी ठेवलं.

"हेही करून द्या."

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे आमच्या गाडीचं नाही."

"नाहीच," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.